थोरल्या वस्तादांना एकच नमस्कार

प्यो मान-सू वस्तादाचे पाय थकले तरी तोंड कधी थकलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षीही तो समोर उभ्या माणसाच्या डोक्यावरची टोपी लाथेने उडवायचा, आणि टोपी खाली पडायच्या आत त्या माणसाच्या खानदानाची चौकशी करून मोकळा व्हायचा. गुनसानच्या बंदरात गोदीवाले, मासेवाल्या, पोलीस, सगळे त्याला ओळखून होते. लांबून येताना दिसला की मासेवाल्या ओरडायच्या, "वस्ताद, आज लाथ नको, गिऱ्हाईक आणा!" आणि हा बाबा खरंच कुणाच्या तरी दंडाला धरून दुकानापाशी आणून उभा करायचा.

त्याची तालीम तांदळाच्या जुन्या गोदामात होती. जपान्यांच्या राज्यात आमच्या शेतांतला तांदूळ ह्याच गोदामात साठायचा आणि इथूनच बोटीत चढून जपानला जायचा. पंचेचाळीस साली जपानी गेले, गोदाम रिकामं पडलं. पुढच्याच वर्षी गुक संग-हो नावाचा सडपातळ, चष्मेवाला माणूस त्याचं कुलूप तोडून आत शिरला आणि त्याने तिथे तालीम काढली. हेच थोरले वस्ताद. मान-सू तेव्हा चौदा वर्षांचा, अंगात रग आणि पोटात भूक. पहिल्या दिवशी तो आला तो गोदामात सांडलेला तांदूळ मिळतो का बघायला. तांदूळ मिळाला नाही, कंबरेत लाथ मिळाली, आणि तो तिथलाच झाला.

आता खरं ते सांगायला काय कुणाच्या बापाची भीती? थोरल्या वस्तादांनी ही विद्या कुठल्या डोंगरावरच्या साधूकडून घेतली नव्हती. ते टोकियोच्या कॉलेजात शिकत होते आणि तिथे कराटे शिकले होते. सोलमध्ये, इंचॉनमध्ये त्या काळी ज्यांनी ज्यांनी तालमी काढल्या त्यांतले बरेचसे असेच तिकडून शिकून आलेले. आमच्या तालमीत पहिले काही महिने आकडेसुद्धा जपानीच चालायचे. इचि, नि, सान! कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. एक दिवस थोरले वस्ताद मधेच थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे, ते गेले ना? मग आपण कुणाचे आकडे मोजतोय?" त्या दिवसापासून नियम झाला: ज्याच्या तोंडून जपानी आकडा निघेल त्याने गोदाम झाडायचं. पहिला आठवडाभर झाडू वस्तादांच्याच हातात होता.

लाथा मात्र हळूहळू आमच्या होत गेल्या. जपान्यांची लाथ कंबरेखाली, आमची पोरं ती डोक्यापर्यंत नेऊ लागली. थोरले वस्ताद म्हणायचे, "बी कुठूनही येऊ दे, माती आपली आहे." मान-सूला हे वाक्य फार आवडायचं. पुढे त्याने ते इतक्या ठिकाणी इतक्या वेळा ऐकवलं की लोक कंटाळून पळायचे.

मग लढाया थांबल्या, राज्यं बदलली आणि ह्या विद्येत फौजी साहेबांना रस वाटू लागला. तोवर प्रत्येक तालमीचं नाव वेगळं, चाल वेगळी, आणि शेजारच्या तालमीला शिव्या मात्र एकसारख्या. साहेबांनी सगळ्यांना एका नावाखाली बसवलं: तायक्वांदो. ज्यांनी ते नाव चिकटवलं त्यांतलेच एक बडे साहेब पुढे सरकारशी बिनसून परदेशी निघून गेले, तर त्यांनी बसवलेले डाव करणंसुद्धा अंगाशी यायला लागलं. काल सलाम ठोकला तोच हात आज लपवायचा! नवे डाव आले, नव्या परीक्षा आल्या. पंधरा वर्षं शिकवणाऱ्या वस्तादांनाही रांगेत उभं राहून पुन्हा परीक्षा द्यावी लागली. मान-सू सोलला गेला तर परीक्षकाच्या खुर्चीत कोण? मेंग गिल-सू! त्याच गोदामात मान-सूच्या शेजारी उभा राहून घाम गाळलेला, मान-सूपेक्षा दोन वर्षांनी लहान, आता टाय लावून बसलेला.

"कंबर जरा खाली घ्या," मेंग म्हणाला.

"गिल्या, कंबर खाली घे असं तुला मी शिकवलं, आणि तू मला शिकवतोस? तुझ्या खुर्चीच्या पायाला मारू का एक?" सगळी रांग हसली. मेंगने खाली मान घालून त्याला पास केलं.

हाच मेंग पुढे सोलच्या एका कचेरीत बसून तायक्वांदोचा इतिहास लिहू लागला. त्याच्या हिशेबाने ही विद्या दोन हजार वर्षांची, जुन्या राजांच्या शूर पोरांची, निव्वळ आमचीच. जपानचं नाव त्यात औषधालाही नाही. मान-सू म्हणायचा, "दोन हजारांतली तीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत झाली. बाकीची मेंग्याने सिगारेटी फुंकत घातली." असं मोठ्याने बोलणं तेव्हा धोक्याचं होतं. पण ह्याला सांगणार कोण?

बढाया मारायला मान-सूला कधी कारण लागलं नाही. एकाच गोष्टीवर तो गप्प व्हायचा. थोरले वस्ताद इथून कसे गेले, एवढी एकच.

जपानी गेल्यावर देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले होते, एकमेकांचे वैरी. पन्नास सालच्या उन्हाळ्यात उत्तरेचं कम्युनिस्ट सैन्य गुनसानमध्ये शिरलं आणि सप्टेंबरात उलट पावली पळालं. जाताना थोरल्या वस्तादांना घेऊन गेलं. हात बांधून, ओढून नेलं, मान-सू फक्त एवढंच सांगायचा. मागे राहिली त्यांची बायको आणि दीड वर्षाची मुलगी, यंग-रान. बायको तीन वर्षांत छातीच्या आजाराने गेली. मान-सूचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याने पोरीला पाठीवर बांधलं आणि घरी आणलं. बायकोला म्हणाला, "हिला जेवायला घाल." ओक-बुन तशी फटकळ, पण त्या दिवशी नुसती वाटी आणायला उठली. तेव्हापासून यंग-रान त्यांच्याच घरात वाढली. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. मान-सूला ती काका म्हणायची, कारण तिचे वडील यायचे होते.

थोरल्या वस्तादांचा फोटो तालमीच्या समोरच्या भिंतीवर, झेंड्याच्या शेजारी होता. एकसष्ट साली फौजेचं राज्य आलं आणि उत्तरेत गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असणं म्हणजे घरावर निखारा ठेवणं झालं. मान-सूने फोटो उतरवला, ओक-बुनने तो फडक्यात गुंडाळून ठेवून दिला. भिंतीवर राहिला खिळा आणि एक फिकट चौकोन. पण नमस्कार? तो मान-सूने उतरवला नाही. तालमीत शिरलं की आधी झेंड्याला वाकायचं, मग त्या फिकट चौकोनाला. नवी पोरं आली, त्यांनी फोटो पाहिलेला नव्हता, तीही वाकायला लागली. वस्ताद वाकतो म्हणजे वाकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि वर्षातून एकदा, जुन्या नववर्षाच्या सकाळी, मान-सू त्या भिंतीपुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून मोठा नमस्कार घालायचा. एकच. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, जिवंत वडीलधाऱ्याला एक नमस्कार, गेलेल्याला दोन. मान-सूने सव्वीस वर्षं एकच घातला.

सरकारला हे जुनं नववर्षही खुपत होतं बरं का. चंद्र बघून सण कसले करता, एक जानेवारीला करा म्हणे! लोकांनी माना डोलावल्या, एक जानेवारीला कामाला सुट्टी घेतली आणि सण जुन्याच दिवशी केला. 

यंग-रान मोठी झाली ती तालमीतच. उंच, शांत, आणि उजव्या पायाची लाथ अशी की फळी फुटल्यावर आवाज यायचा. मान-सू ती लाथ बघायला बंदरातून माणसं बोलावून आणायचा. "बघा, बघा! ही माझी पोरगी नाही, पण लाथ माझी आहे!" शिक्षिका व्हायची तिची इच्छा होती. परीक्षा पास झाली, पण वर चौकशी गेली आणि बाप उत्तरेत म्हणून नाव कापलं गेलं. लग्नाची दोन स्थळं आली, तीही ह्याच पायी परत गेली. तिने कधी कुणापुढे रडगाणं गायलं नाही. तालमीत यायची, बायकांच्या वर्गाला शिकवायची आणि घरी जाऊन ओक-बुनबरोबर मासे साफ करायची.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात सोलहून बातमी आली. दक्षिण अमेरिकेत तायक्वांदो दाखवायला एक पथक जायचं होतं आणि निवडीत यंग-रान पहिली आली होती. तिकडे शिकवणाऱ्या बाईची गरज होती, तिला दोन वर्षं राहताही येणार होतं. मान-सूने बंदरभर मिरवून घेतलं. पण तेव्हा पासपोर्ट म्हणजे काही किराणा नव्हता. आधी घरादाराची, बापजाद्यांची चौकशी. एक साध्या वेशातला पोलीस तालमीच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने पाहिलं, चाळीसेक माणसं आत येतात आणि रिकाम्या भिंतीला वाकतात.

"कुणाला नमस्कार करता रे?" त्याने गोदीत पोती उचलणाऱ्या एका आडदांड गड्याला विचारलं.

गड्याची छाती फुगली. "थोरल्या वस्तादांना! ते यायचेत अजून."

पोलिसाने मान हलवली आणि निघून गेला. इकडे यंग-रानचे कागद जागच्या जागी थिजले.

सणाच्या आदल्या दुपारी मेंग सोलहून आला. कोट चांगला, बूट चांगले, चेहरा पडलेला. तालमीत दुसरं कुणी नव्हतं, फक्त यंग-रान मागच्या खोलीत चादरींच्या घड्या करत होती.

"मान्या, सरळ बोलतो."

"तू आणि सरळ? बोल, बोल, ऐकू दे तरी."

"यंग-रानचं नाव कापणार आहेत. परवा. तुझ्या त्या नमस्कारापायी. बाप उत्तरेत गेला होता एवढंच असतं तर मी काहीतरी करून दाबलं असतं. पण तुम्ही लोक रिकाम्या भिंतीला वाकता, आणि तुझा तो बैल म्हणतो, ते यायचेत! कुठून यायचेत? काय म्हणून यायचेत? वरच्यांना काय वाटेल?"

"मग काय करू? त्याची जीभ कापू?"

"ते गेले असं म्हण." मेंगने आवाज खाली आणला. "सप्टेंबरच्या बॉम्बहल्ल्यात, गोदीपाशी. आपण दोघांनी पाहिलं. दोन साक्षीदार पुरतात. मी सही करतो, तू कर. आणि उद्या सकाळी तू सगळ्यांसमोर दोन नमस्कार घाल. तो पोलीस दारात असेल, मी आणतो त्याला. त्याने डोळ्यांनी पाहिलं की पोरगी बॉम्बने मेलेल्या माणसाची मुलगी झाली. मग तिला कोण अडवतो?"

मान-सूच्या अंगाचा तिळपापड झाला. "जिवंत माणसाला मारू? तेही सणाच्या दिवशी? आणि तुझं काय, तुझं तर फावलंच! टोकियोत शिकलेला, उत्तरेत गेलेला गुरू तुझ्या दोन हजार वर्षांत कुठे बसत नव्हता, आता खड्ड्यात बसेल!"

"हो, बसत नाही!" मेंगही उसळला. "कुठे बसवू त्यांना? सांग ना! जपान लिहिलं की नोकरी गेली, उत्तर लिहिलं की मी गेलो! तुला काय, तू इथे बंदरात बसून थट्टा करतोस. थट्टा करायला तालीम उघडी राहावी लागते, आणि तालीम उघडी आहे कारण तुझ्या नावाचा कागद आला की मी तो तळाला सारतो. दर वेळी! तुला वाटलं तुझ्या लाथेला घाबरतात?"

 

मेंग भिंतीकडे पाहत होता. "तू दर वर्षी एक तरी घालतोस. मी सव्वीस वर्षांत एकही घातला नाही. एक घालायची भीती, दोन घालायची लाज. उद्या मलाही घालू दे." एवढं बोलून तो बूट घालून निघून गेला.

यंग-रान चादर हातात घेऊनच बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"काका, एक विचारू? त्यांचे हात बांधलेले होते का?"

सव्वीस वर्षं मान-सूने जगाला आणि तिलाही एकच सांगितलं होतं: हात बांधून, ओढून नेलं. तो तालमीच्या फरशीवर खाली बसला.

"नव्हते," तो म्हणाला. "सैन्य पळायच्या आदल्या दिवशी त्यांचा एक अधिकारी आला. त्यांना हाताची लढाई शिकवणारी माणसं हवी होती. म्हणाला, ह्या तालमीतली मोठी पोरं आम्ही घेऊन जातो. मी अठराचा, मेंग सोळाचा, वर माळ्यावर पोत्यांमागे लपून ऐकत होतो. तुझे बाबा म्हणाले, पोरांना काही येत नाही, नुसतं नाचतात. शिकवणारा मी आहे, मला न्या. आणि गेले. आपल्या पायांनी. चपला घालून, चष्मा पुसून. दारात थांबून वर न बघताच म्हणाले, मी येईपर्यंत तालीम बंद पडू देऊ नका. पण हात मोकळे ठेवून उत्तरेकडे चालत गेलेला माणूस म्हणजे इथे काय, तुला ठाऊक आहे. म्हणून मी बांधले त्यांचे हात."

 यंग-रानने चादर खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसली.

"म्हणजे तुमच्यासाठी गेले."

"माझ्यासाठी. मेंग्यासाठी. मग मी त्यांना मेलेले म्हणू? येतो म्हणाले होते!"

"काका, तुमचे ते वस्ताद. तुम्ही त्यांची वाट बघता, बघा. पण मी सव्वीस वर्षं जिवंत माणसाची मुलगी आहे. त्यापायी शाळेत शिकवता आलं नाही, घर झालं नाही, आता हेही जाईल. मला एकदा मेलेल्या माणसाची मुलगी होऊन बघू द्या ना." तिचा आवाज हलला नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

मान-सू तिच्यावर ओरडला. काय ओरडला ते त्यालाही नंतर आठवेना. पाय आपटत बाहेर पडला, बंदरावर दोन फेऱ्या मारल्या, ज्याने ज्याने नमस्कार केला त्याच्यावर खेकसला. घरी आला तर ओक-बुन सणाच्या सूपासाठी तांदळाच्या वड्या कापत होती. शेजारी नासपती, सुकवलेला मासा आणि तांदळाच्या दारूची सुरई वेगळी काढून ठेवलेली. हे सगळं गेलेल्या माणसापुढे मांडायचं असतं.

"हे कुणी सांगितलं काढायला?" तो गुरगुरला.

"कुणी नाही. लागलं तर असावं. नाही लागलं तर तुम्हीच खाल." तिने सुरी थांबवली नाही. "पोरीने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही हो. एवढी मोठी झाली, एक रिबीन मागितली नाही. आज पहिल्यांदा मागतेय."

मान-सू जेवला नाही.

सकाळी बाहेर पांढरं धुकं आणि समुद्रावरचा बोचरा वारा. तालमीत सगळे धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, रांगेत, नाकातून वाफ काढत उभे. पोती उचलणारा तो गडी सगळ्यांत पुढे. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं होतं, त्याचा चेहरा रडवेला झाला होता. ओक-बुनने फोटो फडक्यातून काढून भिंतीला टेकवून ठेवला, समोर छोट्या मेजावर ताटं मांडली. पंधरा वर्षांनी तो चष्मा पुन्हा त्या भिंतीशी आला. दाराशी मेंग, आणि त्याच्यामागे हात कोटाच्या खिशात घालून तो साध्या वेशातला पोलीस. मान-सू काय करणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला विचाराल तर त्यालाही नव्हतं.

तो पुढे गेला. दोन्ही हात कपाळाशी नेले, गुडघे टेकले आणि माथा जमिनीला लावला. एक. उठून उभा राहिला.

आणि तसाच उभा राहिला. डोक्यावरून टोप्या उडवणारे ते पाय, त्यांना वाकता येईना.  दारात पोलिसाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मेंग खाकरला. मान-सूचे गुडघे काही हलेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला त्याच्याच अंगाने दगा दिला.

रांगेतून यंग-रान बाहेर आली. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, अगदी खांद्याला खांदा लावून. तिने नमस्कार घातला. एक. उठली. पुन्हा घातला. दोन. दुसऱ्यांदा तिचं कपाळ जमिनीला जरा जास्त वेळ टेकलेलं होतं, आणि सगळ्यांना ऐकू आलं, निघालेल्या माणसाला निरोप द्यावा तसं ती म्हणाली, "बाबा, या आता." मग उठून मान-सूच्या कानाशी म्हणाली, "काका, मुलीने केलंय. हे तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे. तुम्ही घाला."

मान-सू खाली बसला तो जवळजवळ कोसळलाच. दुसरा नमस्कार त्याने घातला आणि हंबरडा फोडला. मोठा आवाज त्याचा, सगळं गोदाम भरून गेलं. मेंग बूट काढायचे विसरून तसाच फरशीवर धावत आला, बूट घालूनच वाकला, एक, दोन, आणि दुसऱ्याला उठलाच नाही, तिथेच खांदे गदगदत पडून राहिला. मागे चाळीस माणसं वाकली. तो गोदीवाला गडी तर तीन घालून बसला, त्याचा हिशेबच चुकला. ओक-बुनने सुरईतली दारू ओतली आणि बाहीने डोळे पुसले.

पोलीस जरा वेळ थांबला. मग त्यानेही टोपी काढली, उगाच इकडे तिकडे बघितलं आणि मेंगला म्हणाला, "पाहिलं मी. कागद उद्या पाठवतो." आणि धुक्यात निघून गेला.

गेलेल्याचं झालं की जिवंतांचं. नववर्षाच्या सकाळी शिष्यांनी वस्तादाला एक नमस्कार घालायचा आणि वस्तादाने आशीर्वाद द्यायचा. मान-सू नाक पुसत, डोळे लाल, भिंतीला पाठ टेकून आपल्या आसनावर बसला. दर वर्षी यंग-रान ह्या रांगेत बाकीच्या शिष्यांबरोबर असायची. आज तिने सगळ्यांना हाताने मागे सारलं आणि एकटीच पुढे आली. त्याच्यासमोर तिने माथा टेकला. एकदाच. आणि खालीच राहून म्हणाली, "नव्या वर्षाचं भरपूर सुख लाभो तुम्हाला, बाबा."

  मान-सूने मदतीसाठी ओक-बुनकडे पाहिलं. ती रडत होती.

शेवटी तो नेहमीच्या आवाजात, अगदी खेकसूनच म्हणाला, "ऊठ! आणि ऐक. दोन वर्षांनी परत येशील ना, तेव्हाही मला एकच घालायचा. दोन घातलेस तर ह्याच पायाने लाथ घालेन."